समिधाचं कॉलेज आणि मी, नवघरचा फळा

मी फळा. नवघर नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवरचा. आजवर दुसऱ्यांनी माझ्या अंगावर लिहिलं आणि मी मुकाट्याने ते लोकांना दाखवलं. आता माझ्यावर कुणी काही लिहीत नाही, म्हणून स्वतःच बोलतोय. तुमचा दळणाचा डबा रांगेत असेल तर तुम्हालाही वेळ आहेच.

माझा जन्म सत्त्याऐंशी सालचा. तेव्हा भाईंदर पूर्वेला जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या आणि मुंबईच्या चाळी सोडून माणसं इकडे राहायला येत होती. अशाच एका इमारतीच्या कामातून उरलेला प्लायवूडचा तुकडा म्हणजे मी. शिवा सुताराने मला चौकट ठोकली, मंडळाच्या पोरांनी काळा रंग दिला आणि वर झोकात 'वार्ताफलक' असं नाव घातलं.

नाव मोठं, पण वार्ता कसल्या? वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुःखद निधन आणि गणपतीची वर्गणी. अभिनंदन असलं की ज्याचं अभिनंदन त्याचं नाव एका ओळीत, आणि 'शुभेच्छुक' म्हणून मंडळाच्या पोरांची नावं उरलेल्या सगळ्या अंगावर. माझ्यावर नाव झळकावं म्हणून ही पोरं अभिनंदनाला निमित्त हुडकत फिरायची. त्यांचा म्होरक्या सूरज. मनाने सोन्यासारखा, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि ह्याची जीभ म्हणजे खडू.

एकदा त्याने कुठूनसं ऐकून 'आज पाण्याचा टँकर येणार' असं लिहून टाकलं. बायका हंडे, कळश्या, बादल्या घेऊन उन्हात ताटकळल्या. टँकर काही आला नाही. शिव्या मात्र मला बसल्या. हंसाबेन, गिरणीची मालकीण, मला उद्देशून म्हणाली, "आ फळा तो एकदम खोटाडा हाय!" मी काय बोलणार? ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, अशी गत.

त्यानंतर मंडळाने लिहायचं काम समिधाकडे दिलं. का, तर तिचं अक्षर चांगलं. आमच्याकडे ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या माथी फळा मारायची रीतच आहे. समिधा तेव्हा बारावीत होती. तिचे वडील महिपतराव मूळचे पोलादपूरकडचे, फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई. आई अनसूयाबाई घरी शिवणकाम करायच्या. पोरीने खडू हातात घेतला आणि पहिल्याच आठवड्यात माझी तऱ्हा बदलली. टँकरची बातमी असली की ती आधी चालत पाण्याच्या ऑफिसात जायची, विचारून यायची आणि मगच लिहायची. नक्की कळलं नाही तर 'नक्की कळलं नाही' असंच लिहायची. लोक आधी हसले. मग घरातून निघताना माझ्यासमोर थांबून वाचायला लागले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

लिहिता लिहिताच तिने ठरवलं की आपण पत्रकार व्हायचं. बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली तेव्हा एक्क्याण्णव साल होतं. महिपतरावांना ती मास्तरीण व्हायला हवी होती. पण पोरीचा हट्ट पाहून ते म्हणाले, "बरं बाय, हो पत्रकार. पण कॉलेज नावाजलेलं पायजे. लोकांनी विचारलं तर सांगताना मान वर राह्यली पायजे."

तसं एक कॉलेज त्यांनीच शोधलं. अंधेरीला, काचेच्या दारांचं, गार हवेचं. तिथलं गुळगुळीत माहितीपत्रक आणि कोरा अर्ज ते घेऊन आले आणि नाक्यावर चारचौघांना दाखवत बसले. फी ऐकून अनसूयाबाईंनी हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या पाटल्या आहेत की."

समिधा मात्र दोन कॉलेजं स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली. एक ते अंधेरीचं आणि एक दादरचं, एका शाळेच्या इमारतीत संध्याकाळी भरणारं. मी जागचा हलत नाही. पण अनसूयाबाई दळणाला आल्या होत्या आणि समिधा माझ्यावर लिहीत होती, तेव्हा मायलेकींचं बोलणं मी ऐकलं.

"आई, अंधेरीला मी एवढंच विचारलं, तुमच्या मुलांनी काढलेला एखादा अंक दाखवता का? तर त्या बाईंनी गॅदरिंगचे फोटो दाखवले. कपाटात कॅमेरा ठेवलाय, पण कुलपात."

"आणि दादरला?"

"दादरला बेंच एवढे छोटे की गुडघे आपटतात. पण मुलं दर आठवड्याला स्वतः अंक काढतात. आधी छापलेले सगळे अंक सरांनी माझ्यासमोर टाकले आणि म्हणाले, वाच, आवडलं तर ये. शिकवणारे सगळे दिवसभर पेपरात काम करतात. तिथे बातमी लिहून दिली की पहिला प्रश्न, हे तुला कुणी सांगितलं? आणि आई, फी बाबांच्या पगारात बसते. प्रवेशाला परीक्षा आहे तेवढी."

"बाबांना सांगितलंस?"

"उद्या सांगते."

पण तो उद्या उजाडायच्या आधीच म्हणा ना, घोळ झाला. नाक्यावर ते माहितीपत्रक पाहिल्यापासून सूरजला राहवत नव्हतं. त्या संध्याकाळी समिधा घरी गेली तसा तो रंगीत खडूंचा डबा घेऊन आला, तिने लिहिलेलं पुसलं आणि माझ्या अंगभर नक्षी काढून लिहिलं:

'हार्दिक अभिनंदन! नवघरची कन्या कु. समिधा हिला अंधेरीच्या नामांकित कॉलेजात पत्रकारितेसाठी प्रवेश मिळाल्याबद्दल!'

खाली शुभेच्छुक, अर्थातच.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! अर्ज अजून कोरा, आणि इकडे अभिनंदन. सकाळपासून लोक महिपतरावांचा हात हातात घेऊन हलवायला लागले. आता खरं म्हणजे ते म्हणू शकले असते, अहो, अजून काही ठरलं नाही. पण शिपायाच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला लोकांनी पहिल्यांदाच 'महिपतशेठ' म्हटलं होतं. त्यांनी पेढे आणले. हंसाबेनने तर दोन खाल्ले.

संध्याकाळी समिधा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाचून तिचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात पेढ्यांचा रिकामा पुडा घेऊन महिपतराव आले.

"बाबा, हे खोटं आहे."

"खोटं कसं? उद्या फी भरली की झालं खरं."

"म्हणजे बातमी खरी करायला आईच्या पाटल्या मोडायच्या?"

महिपतराव इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाले, "बाय, अख्ख्या नवघरने वाचलंय. आता नाय म्हटलं तर मी तोंड कुठं दाखवू? तुला जायचं नसेल तर गुपचूप पुसून टाक. लोक इसरतात."

"वाचलेलं पुसलं जात नाही, बाबा, इथेच खरं काय ते लिहावं लागतं. आणि ते कॉलेज मला नको, ते महाग आहे म्हणून नाही. तिथे शिकवतच नाहीत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!"

"फळ्यावर तसलं काही लिहिलंस तर माझ्याशी बोलू नकोस," असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

समिधाला रडू आलं. मी पाहिलंय. पण तिने ओढणीने डोळे पुसले, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि खडू घेतला. अक्षर तेच, सरळ.

'दुरुस्ती. समिधा हिला अंधेरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याची बातमी इथे लिहिली होती. ती चुकीची आहे. तिने तिथे अर्ज केलेला नाही. ती दादरच्या संध्याकाळच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा देणार आहे. प्रवेश मिळेलच असं नाही.'

सूरज धावत आला. "अगं, काय केलंस! निदान शुभेच्छुक तरी ठेवायचे!"

बघता बघता गर्दी जमली. कुणी हसलं, कुणी 'पोरगी आगाऊ आहे' म्हणालं. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना महिपतरावांना माझ्यावरून नजर चोरून जायचं होतं, पण हंसाबेनने हाक मारली. "महिपतभाई, पेंडा तो आमी खाऊन टाकला. आता परत कसा देणार?"

सगळे हसले. महिपतराव थांबले. त्यांनी मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. शेवटची ओळ तर दोनदा वाचली असावी. मग खडू घेऊन शेजारी आलेल्या पोरीकडे न बघताच विचारलं, "परीक्षा कवा हाय?"

"रविवारी."

"मी येतो बरोबर. बघू तरी कसलं कॉलेज हाय."

रविवारी ते दादरला गेले. तिथे त्यांनी सरांना विचारलं, तुमची पोरं पुढे कुठे लागली? सरांनी दहा पेपरांची नावं सांगितली नाहीत. कोण कुठे लागलं ते सांगितलं आणि कोण लागलं नाही, तेही सांगितलं. महिपतरावांनी नाक्यावर येऊन हे हंसाबेनला सांगितलं तेव्हा म्हणाले, "जो आपलं उणं सांगतो त्याच्या हातात पोरगी द्यायला भीती नाय."

समिधाला प्रवेश मिळाला. सूरज खडू घेऊन आला, पण आधी तिच्या घरी जाऊन विचारून आला. पाटल्या अनसूयाबाईंच्याच हातात राहिल्या. समिधा शिकली, बातमीदार झाली, आणि तिच्या बातमीत चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी ती कबूल करणारी बाई म्हणून तिला लोक ओळखतात, असं गिरणीवर बोललं जातं.

आता अठ्ठ्याण्णव उजाडलंय. अभिनंदनं कापडी बॅनरवर आणि केबल टीव्हीवर सरकणाऱ्या पट्टीवर गेली. माझा रंग उडालाय, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय, आणि हंसाबेनच्या मुलाने माझ्या चौकटीला सायकल टेकवून ठेवलीय. त्याचं मला वाईट वाटत नाही. फळ्याला फार दिवस जगायचा अधिकार नसतो.

एकच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी कॉलेज निवडत असेल तर त्याला काचेच्या दारापाशी थांबू देऊ नका. आत जाऊन तिथल्या मुलांचं काम मागायला सांगा. आणि घाईत चार लोकांना चुकीचं सांगून बसलात, तर त्या चुकीची किंमत पोराच्या गळ्यात बांधू नका. जिथे सांगितलंत तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगा, की चुकलो. महिपतराव त्या दिवशी सगळ्यांदेखत माझ्यावरची दुरुस्ती वाचत उभे होते, तेव्हा त्यांची मान खाली नव्हती.