महाराजांच्या दोरीचं दुसरं टोक

तिसऱ्या मजल्यावर जिन्यापासून दारापर्यंत माणसं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. आत विमा एजंटच्या टेबलावर सकाळपासून निळा पडलेला संगणक होता आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून, एजंटने बोलावून आणलेले संगणकमहाराज उभे होते.

"यंत्र घाबरलंय," महाराज म्हणाले. "कंपनीने रात्री त्याच्यात नको ते घातलं. स्पंदनं उलटी फिरलीत. डोळे उघडाल तर तुमच्या अंगात शिरतील!"

एजंटने मिटलेल्या डोळ्यांवर फाईलही धरली. बटणाचा आवाज, मग महाराजांचा लांबलचक हुंकार, पुन्हा बटण, पुन्हा हुंकार. बऱ्याच वेळाने संगणक चालू झाल्याची ओळखीची धून वाजली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एजंटला चक्क रडू फुटलं. एरवी हा गृहस्थ ग्राहकाच्या सहीवरही विश्वास ठेवत नाही.

झालं होतं असं. व्हायरसपासून राखण करणारं एकच सॉफ्टवेअर आमच्या इमारतीतल्या सगळ्यांनी घेतलं होतं. रात्री त्याचं नवं अपडेट आलं, आणि राखणदारानेच आतून कडी लावून घेतली; सगळे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. त्यात आमच्या इमारतीचा एक जुना नियम. पूर्वी कुणीतरी बिघडलेला पंखा स्वतः खोलून अख्ख्या मजल्याची वीज घालवली होती. तेव्हापासून काही बिघडलं की ते बंद करायचं, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवायची आणि बसून राहायचं. त्यामुळे दुसऱ्यांदा बटण दाबून पाहण्याचं पाप कुणी केलं नव्हतं. अशा इमारतीत नुसता हात लावणारा माणूसही अवतारी ठरतो.

मी पहिल्या मजल्यावर प्रवासाची तिकिटं काढून देतो. शेजारीच माझ्या वहिनींचा दातांचा दवाखाना आहे.

"वहिनी, चला, वर चमत्कार चाललाय. सगळ्यांना डोळे मिटायला लावतात."

"मी दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "डोळे मिटायला लावणारा डॉक्टर बघायलाच हवा."

आम्ही वर पोचलो तेव्हा महाराज फोटोकाकांच्या स्टुडिओत शिरले होते. काकांच्या संगणकात त्यांचं आयुष्यभराचं काम होतं आणि गेल्या वर्षी वारलेल्या काकूंचे सगळे फोटो. दुसरी प्रत काढू काढू म्हणता राहूनच गेली होती.

पुन्हा डोळे मिटले, हुंकार झाले. पडदा निळाच. महाराजांनी आवाज चढवला, कपाळाचा घाम पुसला. पडदा ढिम्म.

"या यंत्राला सर्वस्वत्याग हवाय," शेवटी ते म्हणाले आणि झोळीतून पेनड्राइव्ह काढला. "आतलं सगळं पुसून टाकलं की नवा जन्म घेईल."

"सगळं?" काकांनी विचारलं.

"मोह सोडा."

काकांनी काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "पुसा मग," ते म्हणाले. "दुकान तर चालायला हवं." मला भरून आलं आणि त्या झोळीवाल्याचा मनस्वी राग आला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. तोंडावर मास्क, वर कामाचा जाडजूड चष्मा. त्यांनी डोळे मिटलेच नव्हते हे कुणाला कळणार? "महाराज, पहिल्या हुंकाराला तुम्ही ही निळी वायर संगणकाच्या मागे खोचलीत."

"ती ऊर्जादोरी आहे, बाई."

"असेल. दुसरं टोक कुठाय तिचं?"

वहिनी वायर हातात धरून निघाल्या. टेबलाखालून, कपाटामागून, मागच्या कापडी पडद्याआड. वायर तिथे एका खिळ्यावरून हवेत लोंबत होती आणि तिला चिमटे लावून फोटो वाळत घातले होते!

काका ओशाळले. "इंटरनेटची केबल आहे गं ती. वायफाय आल्यापासून पडून होती, म्हणून भिंतीतून काढली."

"बरं केलंत काका. नाहीतर हाही चमत्कार खपला असता." वहिनींनी मोबाइल पुढे धरला. कंपनीने सकाळीच चूक कबूल केली होती आणि उपायही दिला होता. सुधारलेलं अपडेट पाठवलंय. केबल जोडून संगणक पुन्हा पुन्हा चालू करा. बंद पडण्याआधीच्या क्षणात तो ते ओढून घेतो, कधी लगेच, कधी बऱ्याच फेऱ्यांनी.

"म्हणजे हुंकार वेळ काढायला," मी म्हणालो.

"आणि मिटलेले डोळे वायर लपवायला. आता सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा. काका, बटण तुम्हीच दाबा."

फोटो उतरवून टोक भिंतीत बसवलं. बटण. निळा. बटण. निळा. खोटं कशाला बोलू, मीही मनातल्या मनात हुंकार द्यायला लागलो होतो. मग एकदम धून वाजली आणि पडद्यावर काकू आल्या, 'पुरे की आता' असा हात करून हसणाऱ्या. काका काकूंच्या खुर्चीत जाऊन बसले.

"माझीच स्पंदनं जरा उशिरा पोचली," असं पुटपुटत महाराज जिना उतरू लागले.

"पण माझ्याकडे तर त्यांनी हात ठेवल्यावरच चालू झाला!" एजंट म्हणाला.

"दुसरा हात कुठे होता त्यांचा?"

"मला काय माहीत? डोळे मिटले होते ना मी!" असं म्हणाला आणि स्वतःच आपल्या संगणकाच्या मागे डोकावायला पळाला.

वाचकहो, कंपनी चुकली, पण तिने चूक सांगितली आणि उपायही सांगितला. आम्ही तो वाचला नाही, कारण आम्हाला वाचण्यापेक्षा डोळे मिटणं सोपं वाटलं. त्या सोप्या वाटेने काका आज काकूंना दुसऱ्यांदा गमावून बसले असते. तेव्हा कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर ते आणखी मोठे उघडा आणि दोरीचं दुसरं टोक शोधा.

संध्याकाळी घरी जाताना मी स्टुडिओत डोकावलो. काका काकूंच्या फोटोंची दुसरी प्रत काढत बसले होते आणि 'हात लावू नये'ची चिठ्ठी फाटून टोपलीत पडली होती.