खुलाशाची पट्टी

वृत्तवाहिनीवर चर्चेला येणारे पाहुणे आधी माझ्या हाताखालून जातात. मेकअपच्या खोलीत मी त्यांचा घाम टिपते, टकलाची चमक घालवते आणि त्यांच्या थापा फुकटात ऐकून घेते. आज मात्र मलाच त्यांच्याकडे काहीतरी मागायचं होतं.

बसस्थानकात स्फोट झाला, त्याच्या आधीचं कॅमेऱ्यातलं दृश्य आमच्या वाहिनीने दाखवलं. बाकाखालच्या बॅगेभोवती लाल गोल केला होता, तोवर सगळं ठीक होतं. मग मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी कुणीतरी ते आडवं चित्र उभं कापलं. चित्र सरकलं, गोल जागच्या जागी राहिला आणि शेजारी बुटाची नाडी बांधणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याभोवती येऊन बसला. चष्म्याच्या काचा घासून पोट भरणारा माणूस तो. आज सकाळी पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडून दिलं. पण ते कुणी दाखवलं नाही. दुपारी सरकारने इंटरनेट बंद केलं, तेही गोल घरोघरी पोचल्यावर.

आता तो माझ्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, दिवे घालवून बसला होता. खाली त्याला बॉम्ब ठेवणारा समजून लोक जमले होते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात आमचीच वाहिनी बघत होते. पोलिसांना फोन केला तर गाडी निघाली आहे म्हणाले. कुठून निघाली, देव जाणे.

अँकर खुर्चीत बसला. मी पावडरचा पफ हातात घेतला आणि सरळ विषयाला हात घातला.

"तो निर्दोष आहे, एवढं एकच वाक्य म्हणा. माझ्या भावाचा जीव जाईल हो."

"ताई, मला कळत नाही का? आजचा विषयच तो आहे, माध्यमं चुकली का. पण मी तोंडाने चूक कबूल केली तर वकील मला खाऊन टाकतील. पडद्याखालच्या सरकत्या पट्टीत खुलासा टाकायला सांगतो. नक्की."

शेजारच्या खुर्चीतले निवृत्त लष्करी अधिकारी म्हणाले, "दोष तुमच्या वाहिन्यांचा. उतावीळपणा नुसता."

"दोष सरकारचा. झोपलं होतं का?" पलीकडून विरोधी पक्षाचा प्रवक्ता म्हणाला.

भाऊ माझा, आणि भांडतायत हे. मला तिघांच्याही तोंडाला काळं फासावंसं वाटलं, सामान समोरच होतं. पण गरज मला होती. मी अधिकाऱ्यांपुढे हात जोडले. "साहेब, तुमचं लोक ऐकतात. तुम्ही तरी सांगा."

"सांगतो की. वेळ मिळाला तर नक्की."

ते सगळे आत गेल्यावर मी घरी फोन लावला.

"पट्टीत येणार आहे. खालचे लोकही वाचतील."

"टीव्ही लावू का, ताई?"

"नको, खिडकीतून उजेड दिसेल. मी बघून तुला सांगते. तोवर दार उघडायचं नाही."

मेकअपच्या खोलीतल्या टीव्हीवर चर्चा सुरू झाली. पाहुण्यांच्या मागे, भिंतभर, माझा भाऊ. तोच गोल. वर मोठ्या अक्षरांत 'माध्यमं चुकली का?' माध्यमांनी विचार करायला हवा, असं तिघेही एकमेकांवर ओरडून सांगत होते. माझा डोळा पट्टीवर. सोन्याचा भाव गेला, हवामान गेलं. मग आलं, 'खुलासा : बसस्थानकातील दृश्यात दिसणारा तरुण'...

तेवढ्यात पडद्यावर खालून मोठी लाल पाटी चढली. आपल्या विमानांनी सीमेपलीकडे बॉम्ब टाकले होते. ती पाटी आली की खालची पट्टी आपोआप बंद होते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. बाहेर सहकाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. अधिकाऱ्यांचा चेहरा खुलला, ते विमानांच्या जाती सांगू लागले. मागचं चित्र बदलायला कुणाला सवड नव्हती. खाली विमानांची बातमी, मागे माझा भाऊ.

फोन वाजला.

"ताई, आलं ना? खाली सगळे टाळ्या वाजवतायत. शिट्ट्या मारतायत. कळलं त्यांना." तो रडत होता, आनंदाने.

"नाही रे, ते विमानांसाठी आहे. ऐक, पट्टी आलीच नाही."

"काय? ऐकू येत नाहीये, फार ओरडतायत. मी खाली जातो गं. दोन शब्द बोलतो त्यांच्याशी, मन मोकळं होईल."

"दार उघडू नकोस. ऐकतोयस का? दार उघडू नकोस."

कडी निघाली. फोन त्याच्या हातात तसाच चालू होता. जिन्यावर त्याची पावलं वाजत होती, तो भराभर उतरत होता. मी त्याला हाका मारत स्टुडिओकडे पळाले. दारावर लाल दिवा लागलेला. तिथे उभ्या असलेल्या माणसाने मला दंडाला धरून थांबवलं.

"हळू बोला, बाई," तो म्हणाला. "आत कार्यक्रम चालू आहे."