नुसत्या द्रावकाचा गुण

महिनाभर बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. लॅबमध्ये वाढवलेल्या श्वासनलिकेच्या पेशींना त्यांनी आधी मुद्दाम सूज आणली, मग एका पानातून काढलेला घटक दिला, आणि सूज निम्म्यावर आली. निम्म्यावर! शोधनिबंधाची पहिली ओळ लिहायच्या आधी बातमी गेली बाबांना. बाबांना वीस वर्षांचा दमा. शहाणीने वर फोनवर ऐकवलं, "बघा, तुमच्या कुंडीतलंच झाड आहे!"

तो घटक पाण्यात विरघळत नाही, द्रावकातून द्यावा लागतो. म्हणून तुलनेच्या पेशींनाही तेवढंच नुसतं द्रावक द्यायचं असतं. विद्यार्थ्यांना दरवर्षी पहिल्याच तासाला बाईसाहेब हे घसा फोडून सांगत. स्वतः मात्र तुलनेच्या पेशींना पाणी पाजून मोकळ्या झाल्या होत्या! हे काल लक्षात आलं. रातोरात नुसतं द्रावक देऊन ठेवलेल्या पेशी आज सकाळी तपासल्या, तर सूज तेवढीच उतरलेली. घटकाने काडीचंही काम केलं नव्हतं.

"वा गं विदुषी," त्या स्वतःलाच म्हणाल्या. मग आठवलं, परवा फोनवर बाबा दर दोन शब्दांनंतर दम घ्यायला थांबत होते. अंगातला पांढरा कोटही न काढता त्यांनी बाबांचं घर गाठलं.

बाबा खुर्चीच्या कडेला वाकून बसले होते. छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. समोर कपात पाल्याचं हिरवं पाणी.

"पंप कुठाय?"

"ड्रॉवरमध्ये. कधीच बंद केला. तूच म्हणालीस ना..."

"बाबा, माझं चुकलं. त्या पानात काही नाही. माती खाल्ली मी."

"तुझं कसं चुकेल? तू एवढी शिकलेली."

त्यापेक्षा बाबांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. बाईसाहेबांनी ड्रॉवरमधला पंप काढला, हलवून बाबांच्या तोंडाला लावला, ओढायला लावला, पुन्हा लावला. दहा मिनिटांनी शिट्टी बारीक झाली, तेव्हा बाईसाहेबांना रडू फुटलं.

"रडतेस काय?" बाबा म्हणाले. "चप्पल घाल आधी. खालच्या काकूंनीही परवापासून पंप सोडलाय. मीच सांगितलं, आमच्या लेकीचा शोध म्हणून."

बाईसाहेब धडाधड जिना उतरल्या. काकूंनी भिंतीला धरतच दार उघडलं, पण चेहरा कसा उजळला!

"ये गं, ये! तुझेच... गुण गात होते."

"काकू, आधी पंप घ्या," बाईसाहेब म्हणाल्या. "मी किती गाढव आहे, ते मग सांगते."