कैदखान्यातलं जातं

हसू नका मित्रांनो, पण मीही तुरुंगात दिवस काढलेत. चोरी केली नाही, कुणाचं डोकं फोडलं नाही, तरी काढले. मी आहे एक जातं. बोरघाटाच्या पायथ्याशी एका पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं. दोन माणसांनी ओढावं असं चांगलं दणकट केलं. मला वाटलं, एखाद्या मोठ्या घरात जाईन, लग्नाची हळद दळीन. कसली हळद आणि कसलं काय! गाडी थांबली ती कर्जतच्या कचेरीमागे, कैदखान्याच्या अंगणात.

तिथं कैद्यांना रोज नाचणी दळावी लागे. मिशीला पीळ भरणारे गडी माझ्यापुढे बसताना लाजून अर्धे होत. "ह्ये बायांचं काम हाय," म्हणून कुरकुरत. पहाऱ्यावर चांगो नाईक असे. तो म्हणायचा, "भाकर खाताना नाय रं लाज वाटत? मग वढा!" पण त्यानं कुणावर काठी उगारलेली मी पाहिली नाही. "कैदी हितं ऱ्हायाला येत नाय," तो जमादाराला सांगायचा, "तो परत आपल्याच गावात जायाचा हाय. कसा धाडायचा, ते आपण बघायचं."

घाटातून आगगाडी धावू लागल्याला दहाएक वर्षं झाली असतील. तेव्हा कडाव गावचे दोघे एकदमच आत आले. हिरामण आणि धाकलू. शेताला शेत लागून. धाकलूनं पाणी वळवायला हिरामणचा बांध फोडला, हिरामण कोयता घेऊन धावला, धाकलूनं काठी चालवली. दोघंही जखमी आणि दोघांनाही शिक्षा. आल्या दिवशीच हिरामण अंगणात सगळ्यांदेखत गरजला, "ज्या हातानं माझा बांध फोडलास, त्यो हात ठेवायचा नाय मी!"

आणि नाईकानं काय करावं? दोघांना समोरासमोर माझ्यावर बसवलं! जमादारानं कपाळावर हात मारला. खुंटा एक आणि हात चार. पहिले काही दिवस माझे नुसते हाल. एक ओढी तर दुसरा अडवी, पीठ निघे ते रव्यासारखं जाड. पण जात्यावर रुसून भागत नाही. एकानं हात सोडला की सगळा भार दुसऱ्याच्या खांद्यावर येतो. हळूहळू त्यांचे हात एका लयीत फिरू लागले. तोंडं मात्र बंदच होती.

पुढे मी गुळगुळीत झालो. मला टाकी लावायला, म्हणजे ठोकून पुन्हा खरखरीत करायला, एक बाई आली, पण दारात टांगलेल्या बेड्या बघून तशीच माघारी पळाली. धाकलूनं तरुणपणी घाटात आगगाडीच्या कामावर दगड फोडले होते. तो म्हणाला, "मी लावतो." नाईकानं खुशाल छिन्नी-हातोडी त्याच्या हाती दिली. हिरामणला माझा वरचा दगड धरायला लावलं.

टाकी लावून झाली. हिरामणनं वरचा दगड उचलून खालच्यावर आणला. नेमकी तेव्हाच मधली खीळ कलली. धाकलू कामाच्या नादात होता. त्यानं दोन्ही हात दोन दगडांच्या मधे घातले आणि खीळ सरळ करू लागला.

नाईक चार पावलांवर होता, पण पोचला नसता. मित्रांनो, मी दगड. पण त्या दिवशी मीही भ्यालो. हिरामणनं नुसती बोटं सैल केली असती, तरी त्याचं बोलणं खरं झालं असतं. "हात निसटला," म्हणाला असता, कोण काय करणार होतं?

त्याचे दंड थरथरत होते. मानेवरची शीर टरारली होती. तो ओरडला, "हात काढ रं! लवकर! पेलवत नाय मला!"

धाकलूनं हात काढले. मग वर बघितलं, आणि तेव्हा कुठं त्याला उमगलं. त्यानं उठून दगडाची दुसरी बाजू धरली. अबब! एवढी वर्षं मी कणीचं पीठ करत होतो, पण माणसात असं काही होताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

हिरामण आधी सुटला. नाईकाला चैन पडेना. आत शहाणा झालेला माणूस बाहेर तसाच राहतो का, हे त्याला कळणार कसं? पुढच्या बाजाराच्या दिवशी हिरामण फाटकात हजर! त्याच्या मागं डोक्यावर पदर ओढून एक बाई उभी होती. ती चिंधी, धाकलूची बायको.

"वैनी इकडं यायाला भीत व्हती," हिरामण नाईकाला म्हणाला. "म्हणून मी घेऊन आलो. धाकलूला बोलवा जरा."

मित्रांनो, आता मी झिजलोय. कुणी मला पायरी करा, कुणी कुंपणाला लावा, माझी तक्रार नाही. तुमच्या गावात कुणी शिक्षा भोगून परत आला, तर खिडक्या तेवढ्या लावून घेऊ नका. त्याला हाक मारा, पाणी द्या, आणि आपल्या शेजारी बसवा.