आधी बसवायचं

बाबांनी आयुष्यात तीन कामं केली. आधी पोलीस, मग कॉलेजात संवादशास्त्राचे प्राध्यापक, आणि निवृत्तीनंतर चर्चचे पाळक. आई म्हणायची, "कपडे बदलले, काम तेच. लोकांच्या दारात जाऊन वाईट बातमी सांगायची."

ते खरंच होतं. पोलिसात नवे असताना त्यांनी एका बाईला नवरा अपघातात गेल्याचं जिन्यातच सांगून टाकलं. ती तिथूनच कोसळली आणि पुन्हा कधी धड चालली नाही. त्यानंतर बाबांनी तीन नियम केले. आधी माणसाला बसवायचं. मग एका वाक्यात, स्पष्ट सांगायचं. आणि त्याच्या घरचं कुणी येईपर्यंत तिथून हलायचं नाही. पुढे हेच त्यांनी वीस वर्षं वर्गात शिकवलं, चर्चमध्येही हेच पाळलं. आमच्या घरात मात्र "जरा बस" म्हणायची बंदी. पाहुण्यांनासुद्धा आई "टेका" म्हणायची.

तिसरा नियम आमच्या मुळावर आला. परक्यांच्या घरी तासन्‌तास थांबणारा हा माणूस माझ्या एकाही वाढदिवसाला वेळेवर पोचला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्या सकाळीही चर्चमध्ये कुणाच्या तरी अंत्यविधीची प्रार्थना होती. आईनेच त्यांना पिटाळलं. "जा हो, लोक खोळंबलेत. इथे थांबून डॉक्टरांना कसं बोलायचं ते शिकवाल." ते गेले. मला त्यांचा राग आला, तिचाही आला.

अकरा वाजता सर्जन बाहेर आले आणि व्हरांड्यात उभ्या उभ्याच म्हणाले, "आम्ही शर्थ केली, पण त्या वाचल्या नाहीत." त्यापुढचं मला ऐकूच आलं नाही.

बाबांचा फोन बंद. प्रार्थनेच्या वेळी तो बंदच असतो. चर्च दोन गल्ल्या पलीकडे होतं. वाटेत मी ठरवून टाकलं, दारातूनच सांगायचं. उभ्याने. कळू दे त्यांनाही जिना काय असतो ते. इतकी मी दुष्ट झाले होते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नव्हती.

ते मागच्या खोलीत एकटेच होते, अंगातला झगा काढून घडी घालत होते. "आली का शुद्धीवर? हे बघ, निघालोच मी," म्हणाले. झग्याची एक बाही उलटी राहिली होती. ती सरळ करायला बघत होते, आणि दर वेळी पुन्हा उलटीच करत होते. इतरांसाठी तासभर धीराने बोलून आलेला हा माणूस आतून पार भेदरला होता.

मी खुर्ची ओढली. "बाबा, बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बसले. झगा मांडीवरच होता. म्हणाले, "सांग आता. एका वाक्यात."

"आई वारली, बाबा."

त्यांनी झग्यात तोंड खुपसलं आणि मोठ्याने रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला ते सोसवेना. तिकडे सह्या करायच्या होत्या, मावशीला कळवायचं होतं. मी दाराकडे वळले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"घरचं कुणी येईपर्यंत थांब ना गं," ते म्हणाले.

"बाबा, घरची मीच आहे," मी म्हटलं, आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.