हरलेल्याच्या दारात

"ज्याचा डोळा कमी सुजलाय त्यानं पेढे आनायचे, असा नेम हाय का तुमच्यात?" आईनं दारातल्या मुलाला विचारलं.

मिथुनचा एक डोळा मिटला होता, बाबांचे दोन्ही. तो ओशाळून हसला, पेढ्यांचा पुडा आईच्या हातात दिला आणि बाबांच्या पाया पडला. रेल्वेच्या संघात त्याची निवड झाली होती, कारण आदल्या संध्याकाळी पनवेलच्या मैदानात त्यानं बुधाजी कोळीला हरवलं होतं. बुधाजी कोळी म्हणजे माझे बाबा.

लहानपणी मला वाटायचं, बाबा हरले की पेढे येतात. मला पेढे फार आवडत. म्हणून चौथीपर्यंत मी बाबांच्या प्रत्येक लढतीआधी गावदेवीला हात जोडून 'बाबांना हरू दे' असं मागत असे. देवी माझं बरंच ऐकायची.

माझ्या जन्माच्या आधी बाबांनी राज्याचं सुवर्णपदक मिळवलं होतं. पेपरात फोटो आला होता. पनवेलपासून उरणपर्यंत बॉक्सिंग म्हटलं की लोक त्यांचंच नाव घ्यायचे. पण नावानं चूल पेटत नाही. ते दिवसभर न्हावा शेव्याला जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळयांनी आवळायचे आणि संध्याकाळी ग्लोव्ह्ज चढवायचे. तिशी उलटल्यावर पाय मंदावले, नाव मात्र तसंच राहिलं. मग एखादा पोरगा पुढे आणायचा असला की त्याचे गुरुजी म्हणत, "बुधाजीसमोर उभा करा." बाबांना हरवून एक सैन्यात गेला, एक पोलिसात, आणि आता मिथुन रेल्वेत. जिंकलेल्यानं दुसऱ्या दिवशी हरलेल्याच्या घरी पेढे न्यायचे आणि हरलेल्यानं स्वतः दार उघडायचं, ही आमच्याकडची रीत. ती कुणी पाडली कोण जाणे. बाबांनी मात्र ती पाळली. पेढा तोंडात टाकून ते पोराला त्याच्या चुका सांगत बसायचे आणि आई त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. ओसरीवर चार सुजलेले डोळे, बामाचा वास आणि तळलेले बोंबील. अजूनही बामाची बाटली उघडली की मला भूक लागते.

सातवीत असताना, दोन हजार सात साली, मला अक्कल आली. मासळी बाजारात मी आईच्या पाटीपाशी बसले होते. शेजारचे तुळशीरामकाका कोलंबी निवडत म्हणाले, "दमयंती, तुजा नवरा म्हंजी पायरी गं. पोरं पाय देतात नि वर जातात."

"आसंल पायरी," आई म्हणाली. "पन चढताना दम लागतो ना त्यांना? मग झालं तर. कोलंबी घेनार हाय का नुसतीच चिवडनार?"

आई हसली, पण माझ्या ते जिव्हारी लागलं. त्या वर्षी बाबांची स्पर्धेत उतरायची वयाची मर्यादा संपत होती. एकच लढत उरली होती. संध्याकाळी ते खांद्याला तेल चोळत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, यावेळी तुमी जिंकायचं. मला पेढे नकोत."

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "बगू," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे कर्नाळ्याच्या रस्त्याला पळायला लागले. आई म्हणायची, "या वयात कुनाला पकडाया चाललाव?" आणि त्यांच्यासाठी दोन अंडी जास्त उकडायची.

समोर होता भावेश, द्रोणागिरीकडचा. विशीतला, लांब हातांचा. पोलीस संघाची माणसं त्याला बघायला पहिल्या रांगेत बसली होती. पहिल्या दोन राउंडांत त्यानं बाबांना हैराण केलं. तिसऱ्यात त्याचा डावा हात क्षणभर खाली आला आणि बाबांचा उजवा ठोसा बसला. भावेश खाली बसला तो दहा मोजेपर्यंत उठलाच नाही. मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला.

सकाळी बाबा अंघोळ करून, ठेवणीतला शर्ट घालून ओसरीवर नुसतेच बसले होते.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"पेढे कुटं चांगले मिलतात गं? लय वर्सं झाली, आपन आनलेच नाय."

ते मला घेऊन निघाले. भावेशच्या दारापाशी पोचल्यावर बाबांचं पाऊल अडलं. रिंगमध्ये कधी न अडखळलेला माणूस शर्टाला हात पुसत उभा राहिला. "तू वाजव," म्हणाले.

दार भावेशच्या आईनं, सोनाबाईंनी उघडलं. "झोपलाय त्यो," त्या म्हणाल्या. आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्याखाली दोन पाय दिसत होते. आम्ही दोघांनीही ते पाहिले. सोनाबाईंनी पुडा न उघडताच फळीवर ठेवला आणि आम्हाला पाणी दिलं.

"पोलीसवाले रातीच गेले," त्या म्हणाल्या. "काय बोललेच नाय."

मला वाटलं, बाबांची जीत परत देता आली असती तर बरं झालं असतं. मीच मागितली होती ती.

बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "भावेश, डावा हात खाली पडतो तुजा. तेवडा वर ठेव. बाकी तुज्यात काय कमी नाय."

पाय हलले नाहीत. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

परतीच्या एसटीसमोर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली होती. बाबा खिडकीशी बसले होते. मला राहवलं नाही.

"बाबा, इतकी वर्षं तुमी दार कसं उघडलं?"

"कडी काढून," ते म्हणाले.

गाडी थोडी पुढे सरकली.  मग बाहेरच बघत म्हणाले, "पयल्या वेळी मी पन पडद्यामागंच व्हतो. तुज्या आईनं पोराला जेवाया बसवला, नि दोन ताटं वाढली. दुसरं कोनाचं, ते काय बोलली नाय. ते ताट निवाया लागलं, तवा आलो भाईर."