तांब्याला झालेली कावीळ

गुरुवार उजाडला की पिंपळदऱ्याच्या टेकाडाखाली पाय ठेवायला जागा उरत नसे. जीपा, मोटारसायकली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि त्यांतून उतरणारी पिवळ्या डोळ्यांची माणसं. जीवरामबुवा लिंबाखाली बसून माळा बांधत. कसल्याशा हिरव्या वेलीच्या देठाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, पांढऱ्या दोऱ्याच्या फासांत एकाला एक चिकटवलेले. माळ इतकी लहान की डोक्यावर टोपीच्या काठासारखी जेमतेम बसावी. आणि मग तो जगप्रसिद्ध चमत्कार! दुसऱ्या दिवशी माळ घसरून गळ्यात, चौथ्या दिवशी पोटावर, आठ-दहा दिवसांत पायांतून खाली. कोणी हात लावला नाही, कोणी दोरा जोडला नाही, आणि माळ आपली वाढतेच आहे.

"कावीळ रगतमा ऱ्हास," बुवा प्रत्येकाला अहिराणीत तेच सांगत, डोळे अर्धे मिटून. "मनी माळ ती शोशी लेस. जितली शोशस, तितली वाढस. पायमाईन उतरनी, का कावीळ गई समजा! फक्त एक ध्यानमा ठेवा. सुई टोची, का माळ रुसनी. आणि रुसेल माळ माणूसले सोडत नही."

बुवा पैसा घेत नसत. एक नारळ ठेवला की झालं. तो नारळ मागच्या दाराने त्यांच्या मेहुण्याच्या दुकानात जाई आणि पुढच्या दाराने पुन्हा बुवांच्या पायाशी येई. एकाच नारळाने किती कावीळवाले पाहिले असतील, ते त्या नारळालाच ठाऊक.

त्या गुरुवारी रांगेत कमलबाई उभी होती, लेकीला कमरेला धरून. ज्योतीला सातवा महिना. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, नवरा ईश्वर तिकडे दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. आठवडाभर तिचे डोळे हळदीसारखे झाले होते, पोटात पाणीही टिकत नव्हतं. गावातल्या आशाताईने घरी येऊन बजावलं होतं, "अक्का, दोन जीवांची बाई आहे. अशी कावीळ अंगावर काढायची नसते. उद्याच्या उद्या धुळ्याला न्या."

कमलबाई मान डोलावत होती आणि मनात 'नाही' म्हणत होती. पाच वर्षांपूर्वी, कोरोनात, तिचा नवरा असाच दवाखान्यात गेला होता. स्वतःच्या पायांनी चालत गेला, दारातून वळून हात हलवला. पाच दिवस ती फाटकाबाहेर बसून राहिली, आत कोणी सोडेना. सहाव्या दिवशी प्लास्टिकमध्ये बांधलेलं काहीतरी थेट स्मशानात आलं. तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. तेव्हापासून दवाखान्याची पाटी दिसली की ती रस्ता बदलून जाई. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, पण कमलबाईने तर ताकाचं भांडंच घराबाहेर फेकलं होतं.

बुवांनी ज्योतीच्या डोक्यावर माळ ठेवली. मग तिच्या पोटाकडे पाहून दुसरी उचलली, अगदी चिमुकली, तान्ह्याच्या डोक्याच्या मापाची.

"आठे दोन जीव शेतस, माय. दोन माळा लागतीन. ही लेकरूनी. जनमनं, का लगेच घालजो."

कमलबाईला गहिवरून आलं. पोटातल्या लेकराचीसुद्धा काळजी करणारा माणूस! घरी येऊन तिने ती लहान माळ पितळी तांब्याच्या पोटावर चढवली. मापात घट्ट बसली. तांब्या तिने भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला.

शुक्रवारी ज्योतीची माळ गळ्यात आली. रविवारी छातीवर. कमलबाई सकाळी उठली की आधी माळ बघे, मग लेकीचं तोंड. ओकारी थांबली होती. थांबणारच, पोरगी काही खातच नव्हती. दिवसभर झोपून असे. 'आराम पडतोय,' कमलबाई स्वतःला समजावी, आणि तरी रात्री उठून लेकीच्या नाकाशी हात धरून श्वास बघे. भीती काही माळ बघून जात नाही. ती फक्त गप्प बसते.

सोमवारी दुपारी ज्योतीने डोळे उघडले. माळ पोटाच्या उंचवट्यावर येऊन टेकली होती. कमलबाई हरखून पुढे वाकली.

ज्योती तिच्याकडे पाहत राहिली. मग परक्या बाईला विचारावं तसं म्हणाली, "अक्का, मनी माय कठे शे?"

कमलबाईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "असं काय करस वं? मीच तुनी माय शे!"

ज्योतीने नुसती मान फिरवली आणि पुन्हा झोपेत गेली. तिचे हात चादरीवर काहीतरी वेचत होते. कमलबाई एकदा माळेकडे पाही, एकदा लेकीकडे. माळ सांगत होती, पोरगी बरी होतेय. आणि पोरगी आईला ओळखत नव्हती. दोघींपैकी खरं कोणाचं धरायचं, तेच तिला कळेना.

आशाताईने तोवर दीपनगरला फोन केला होता. ईश्वर भाड्याची गाडी घेऊनच आला. आल्या आल्या बायकोला पाहून त्याचा चेहरा उतरला. "मामी, आता काही बोलू नका," एवढंच सासूला म्हणून त्याने ज्योतीला उचललं. कमलबाईने हाताला लागलं ते पिशवीत भरलं. लुगडं, टॉवेल, आणि देवळीतला तांब्या.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात फिनेलचा तो वास आला आणि कमलबाई दारातच थांबली. पायऱ्यांवर टेकलेले नातेवाईक, हातात चिठ्ठ्या घेऊन धावणारी माणसं, प्रत्येक दाराशी 'इथे थांबा'. हेच दार, हाच वास. वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी ज्योतीला तपासलं, ओटीपोटावर यंत्र लावून बराच वेळ ऐकलं, आणि ईश्वरला बाजूला घेतलं. कमलबाईच्या कानावर तुकडेच पडले. लिव्हर काम करत नाही. विष मेंदूपर्यंत गेलंय. बाळाचे ठोके मंद आहेत. अतिदक्षता विभागात न्यावं लागेल. इथे सही करा.

"नही!" कमलबाईने जावयाचा हात धरला. "जवाईबुवा, घर लई चला. आठे आत जायेल माणूस बाहेर येत नही. सुई टोचतीन, माळ रुसी जाई. दखा, पोटलगून उनी शे, चारच दिवस ऱ्हायनात!"

ईश्वरच्या हातात पेन होतं आणि पेन हलत नव्हतं. तोही घाबरलाच होता. सही न करता घरी नेलं आणि काही झालं तर? सही केली आणि आत काही झालं तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर ठरवा. वेळ नाहीये."

वॉर्डाच्या सिस्टर हेमलता सलाईन जोडायला आल्या. पन्नाशीच्या, शिरपूरकडच्या. कमलबाई लेकीच्या आडवी उभी राहिली. हेमलता सिस्टरने वाद घातला नाही. माळेकडे पाहिलं, मग ज्योतीच्या कोरड्या ओठांकडे.

"अक्का, ओठ सुकलेत तिचे. पाणी आहे का? पाजू नका, ठसका लागेल. नुसते ओठ ओले करा."

लेकीच्या ओठांचं नाव काढल्यावर कमलबाईने पिशवीत हात घातला आणि तांब्या बाहेर काढला. तांब्या निघाला, पण माळ त्याच्यावर नव्हती. ती तिच्या मनगटात अडकून लोंबत आली. तान्ह्याच्या डोक्याएवढी ती माळ आता कमलबाईच्या स्वतःच्या गळ्यातही सहज गेली असती.

तिने ती मनगटातून सोडवून हातात धरली.

"ही कोणाची?" सिस्टरने विचारलं.

"लेकरूनी. अजून घातीच नही. तांब्याले घालेल व्हती."

"घट्ट बसली होती?"

"गच्च."

"मग अक्का," हेमलता सिस्टर हळूच म्हणाल्या, "तांब्याला कावीळ झाली होती का?"

सिस्टरने तिच्या हातातली माळ उजेडाकडे धरली. देठांचे तुकडे वाळून काडीसारखे झाले होते आणि प्रत्येक फास ढिला पडून दोन तुकड्यांच्या मध्ये दोरा दिसत होता.

"तुम्ही शेतातल्या बाई. ओली कडबी कचकचून बांधली आणि आठ दिवस तशीच ठेवली, तर भाऱ्याचं काय होतं?"

"ढिला पडस."

"का?"

"कडबीनं ओलं ताट सुकस, बारीक व्हस. दोर तितलाच..." कमलबाई स्वतःच्याच वाक्याशी येऊन थबकली. "दोर तितलाच ऱ्हास."

जन्मभर तिने भारे बांधले होते. सुकलेला भारा पुन्हा आवळताना तिला कधी चमत्कार वाटला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्या माळेत पन्नास-साठ तुकडे, प्रत्येक तुकडा वाळून जवभर आकसला, प्रत्येक फासाने गिळलेला दोरा बाहेर सोडला, आणि माळ वाढली. रोग्याच्या गळ्यात घाला, तांब्याला घाला, नाहीतर खुंटीला टांगा. ती कोणाचं काही शोषत नव्हती, नुसती वाळत होती.

"मंग इतला लोक बरा कसा व्हतस?" तिने शेवटचा धागा पकडून पाहिला.

"बऱ्याच काविळी पथ्याने, विश्रांतीने आपोआप उतरतात, अक्का. तेवढ्यात माळही उतरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण पोटुशी बाई असली की हीच कावीळ कधीकधी उलटते. म्हणून सुई लागते, म्हणून नजरेसमोर ठेवावं लागतं."

कमलबाईने लेकीच्या पोटावरची माळ स्वतःच्या हाताने तोडली. "जवाईबुवा, करा सही." मग सिस्टरचा पदर धरावा तशी त्यांची बाही धरून म्हणाली, "पण माले बाहेर काढू नका, बाई. मना मालकनं तोंड बी दखू दिन्हं नही व्हतं."

हेमलता सिस्टर म्हणाल्या, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा आम्हीही रडायचो." आत नेल्यावर त्यांनी रोज दोन वेळा कमलबाईला गाऊन घालून खाटेशी उभं केलं. लेकीचा हात हातात दिला. प्रत्येक सुई कशाची ते सांगितलं.

तिसऱ्या दिवशी बाळ गेलेलं जन्मलं. मुलगा होता. कमलबाईला त्याचं तोंड दाखवलं. सहा दिवसांनी ज्योतीने डोळे उघडले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "माय." कमलबाई तिथेच खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

जायच्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना विचारलंच, "चार दिवस पहिले आनी असती, तर?"

बाईंनी नजर चुकवली नाही. "बाळ वाचलंच असतं असं मी सांगू शकत नाही. पण ते चार दिवस आमच्या हातात असते."

पुढच्या गुरुवारी कमलबाई पिंपळदऱ्याच्या रांगेत उभी होती. एकटी, हातात पितळी तांब्या. नंबर आल्यावर तिने नारळ ठेवला, तान्ह्याच्या मापाची माळ मागून घेतली, आणि सगळ्यांच्या देखत तांब्याला चढवून तो लिंबाच्या ओट्यावर ठेवला.

"बुवा, मना तांब्याले कावीळ व्हयनी शे. दखू, उतरस का."

माणसं हसली. बाई पार खुळावली म्हणाली. पण ओट्यावरचा तांब्या हलवायची बुवांची छाती झाली नाही, कारण तो साऱ्या रांगेने पाहिला होता, आणि लिंबाखाली माणसांची ये-जा रोजचीच होती. आठ दिवसांनी पुन्हा गुरुवारी कमलबाई आली, तेव्हा माळ तांब्याच्या बुडाशी गळून पडली होती. तिच्या रिंगणात तसे तीन तांबे मावले असते. रांग मोडून माणसं ओट्याभोवती गोळा झाली.

बुवा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. डोळे अर्धे मिटून म्हणाले, "त्यामा काय नवल? तांब्या पितळना शे. पितळ पिवळंच ऱ्हास. माळनी त्यानी बी कावीळ शोशी लिन्ही!"

"असं व्हय?" कमलबाईने तांब्या उचलून उन्हात धरला. तो चिंचेने घासल्यासारखा झगमगत होता. "मंग माळ उतरीसन बी तो पिवळाच कसा?"

आधी कोणीतरी एकटाच हसला. मग हशा पसरत गेला. बुवांनी पाणी मागितलं, उठले, आणि पूजेची वेळ झाली म्हणून घरात गेले.

कमलबाई हसली नाही. ती म्हणाली, "मनी माळ बी वाढनी व्हती. रोज वाढनी. आणि मना नातू गया." हशा थांबला. "मी सांगस म्हणीसन मानू नका. माळ घर ल्या, खुंटीले टांगा, आठ दिवस दखा. पण पिवळं पडेल माणूस पहिले दवाखानामा दाखाडा. माळले घाई नही. माणूसले शे."

गर्दीच्या कडेला एक तरणी बाई पाच-सहा वर्षांच्या पोरीला घट्ट धरून उभी होती. पोरीचे डोळे पिवळेजर्द. माणसं पांगू लागली तरी ती जागची हलली नाही. मग हळूच जवळ आली.

"अक्का, माले दवाखानानं भ्याव वाटस."

"माले बी वाटस," कमलबाई म्हणाली. तिने तांब्या पिशवीत टाकला आणि पोरीचा दुसरा हात धरला. "चाल, मी येस तुनासंगे. दुपारनी बस शे."